घुमत नाय

मायक्रोवेव्ह दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "बघा होतंय का, नाहीतर नवीनच घेणार आहोत." टीव्ही आणणारा असं बोलत नाही. मिक्सर आणणारी बाई तर मुळीच नाही, तिला मिक्सर संध्याकाळच्या वाटणाआधी परत हवा असतो. ओव्हनचे मात्र लोकांनी घरातून निघण्याआधीच दिवस घातलेले असतात, माझ्याकडे आणतात ते केवळ मनाच्या समाधानासाठी. मला त्या वाक्याचा राग येतो. आयुष्य ह्या कामात गेलं तरी अजून येतो. मी सरळ तोंडावर सांगतो, "नवीन घ्यायचा तर खुशाल घ्या, पण ह्याला झालंय काय ते तरी कळू दे."

माझं दुकान महाडात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. आता मी निम्मा निवृत्त आहे, म्हणजे सकाळी दुकान उघडतो आणि दुपारी जेवायला गेलो की परत यायचं की नाही ते माझ्या गुडघ्यांना विचारतो. दुकानातल्या सगळ्या फळ्या छातीच्या वर आहेत. खालची जागा रिकामी. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "खाली का नाही ठेवत काही?" मी म्हणतो, "ती सावित्रीची." महाडकराला ह्याहून जास्त सांगावं लागत नाही, नदीचा पूर त्याने घरात पाहिलेला असतो.

ह्या पेटीत असतं काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ओव्हनमध्ये दोन संसार असतात. एक दिसणारा. दिवा लागतो, काचेची ताटली फिरते, पंखा वारा घालतो. हा संसार घरातल्या साध्या विजेवर चालतो आणि त्याने अन्नाचा एक कणसुद्धा तापत नाही. दुसरा संसार पत्र्यामागे. तिथे एक जड ट्रान्सफॉर्मर असतो, तो वीज प्रचंड चढवतो आणि मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीला देतो. अन्न तापवणाऱ्या लहरी ती नळी सोडते. पहिला संसार व्यवस्थित चालू असताना दुसरा पूर्ण बंद असू शकतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, चालू तर आहे, लाइट लागतेय." लाइट तर देव्हाऱ्यातही लागते.

ह्या दुसऱ्या संसारात कपॅसिटर नावाचा एक डबा असतो. प्लग काढून ठेवला तरी तो आपल्या पोटात वीज धरून बसतो आणि हात लागला तर माणूस कायमचा आडवा करतो. म्हणून हा लेख वाचून कुणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरचा ओव्हन उघडायला बसू नये. ज्यांना ते काम येतं त्यांच्याकडे न्यावा. आम्हालाही पोट आहे.

ओव्हनला बहुतेक वेळा काय होतं? फार मोठं काही नाही. आत पाल शिरते आणि सर्किटवर चिकटून मरते. ह्या भागात पावसाळ्यात माझे निम्मे ओव्हन पालींच्या कृपेने येतात. कुणी नाचणीचे पापड एकामागून एक भाजत बसतं आणि आतला अभ्रकाचा पातळ तुकडा जळतो. कात्रीने नवा कापून बसवला की काम झालं. गडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीतल्या एका स्टॉलवाल्याने पिठलं-भाकरीचं स्टीलचं ताट जसंच्या तसं आत सारलं होतं. आत जी आतषबाजी झाली तिचं पर्यटकांनी मोबाइलवर शूटिंग केलं, आणि तो गडी माझ्याकडे आला तेव्हा ओव्हनपेक्षा त्या शूटिंगबद्दलच जास्त बोलत होता. तो ओव्हन आजही चालतो.

पण मला सांगायचं आहे ते भागीरथीकाकींच्या ओव्हनबद्दल. उमरठच्या एका वाडीत राहणाऱ्या ह्या काकी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा प्रकाश भांडुपला. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. एकदा चुलीजवळ पदर पेटला, तेव्हा प्रकाशने चूल बंद केली, गॅसचं सिलिंडर उचलून शेजारी दिलं आणि मुंबईच्या घरातला जुना मायक्रोवेव्ह आणून आईच्या ओट्यावर ठेवला. दोन मोठी गोल बटणं असलेला, फिरवायचा, वेळ संपली की टिंग करणारा. प्रकाशने हुशारी अशी केली की बटणाभोवती एम-सीलचे टिपके चिकटवले. पहिला टिपका दुधाचा, दुसरा कालवणाचा, तिसरा भाताचा. भाकरी शेजारीण द्यायची, बाकी सगळं काकी स्वतः करायच्या. स्वतःचा चहा स्वतः करून प्यायच्या, आलेल्याला पाजायच्या.

गणपतीच्या आधी प्रकाश बायको-मुलीला घेऊन गावी आला आणि तो ओव्हन गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. त्या दिवसांत महाडातले बाकीचे मेकॅनिक गणपतीला आपापल्या गावी पळालेले असतात. आम्ही बौद्ध, आमच्याकडे गणपती नाही, त्यामुळे माझं दुकान उघडं असतं आणि सगळ्या गणेशभक्तांचे मिक्सर, माळा आणि स्पीकर माझ्याच अंगावर येतात.

"काका, हा घुमत नाही," प्रकाश म्हणाला. "आई सारखी तेच म्हणतेय. घुमत नाही, घुमत नाही."

आता ह्या शब्दानेच घात केला. मी हे काम शिकलो मुंबईत, कुर्ल्याच्या एका उस्तादाकडे. तिथे सगळा कारभार हिंदीत. "मोटर घूमती है क्या, देख," असं तो दिवसातून पन्नास वेळा म्हणायचा. प्रकाशचं सगळं आयुष्य भांडुपात गेलेलं. घुमत नाही म्हणजे फिरत नाही, ह्यात त्याला शंका नव्हती आणि मलाही नव्हती. मी ताटली काढून पाहिली तर खालच्या रिंगची चाकं झिजलेली, मोटरची दांडीही घसरत होती. ताटली खरंच अडखळत होती. मेकॅनिकला एक दोष सापडला की त्याचं डोकं तिथेच मुक्काम करतं. मी मोटर बदलली, रिंग बदलली, कपभर पाणी आत ठेवून दार लावलं आणि बटण फिरवलं. पाणी वाफाळलं. ताटली अशी डौलात फिरत होती की मीच दोन मिनिटं बघत राहिलो.

प्रकाश ओव्हन घेऊन गेला. मला वाटलं, संपलं.

नंतर काय झालं ते मला मागाहून कळलं. काकींनी दूध ठेवलं, बटण फिरवलं आणि म्हणाल्या, "परकाश, घुमत नाय रे." प्रकाशने काचेतून पाहिलं, ताटली फिरत होती. "आई, घुमतोय की." "नाय घुमत." "अगं, मला दिसतंय ना समोर!" पुढचं वाक्य तो बोलला आणि बोलल्यावर त्याला वाईट वाटलं, असं त्याने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "तुला दिसत नाही म्हणून तू काहीही बोलतेस." दूध गारच राहिलं. प्रकाशने कपाळावर हात मारला, पोलादपूरला जाऊन नवा कोरा ओव्हन घेऊन आला आणि गौरी आल्या त्या दिवशी आईसमोर ठेवला.

नवा ओव्हन काळा, चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत. बटण एकही नाही, नुसता स्पर्श करायचा. काकींनी त्याच्यावरून हात फिरवला, वरून खाली, खालून वर. बोटाला काहीच लागेना. भलतीकडे बोट लागलं की तो किंचाळायचा आणि आतल्या आत काहीतरी ठरवून चालू व्हायचा. तिसऱ्यांदा वरण उतू गेल्यावर त्यांनी त्याला हात लावणं सोडलं.

ह्यावर वाचणारा म्हणेल की बटणवाले नवे ओव्हन बाजारात मिळतात. मिळतात ना. मीही प्रकाशला पुढे तसं म्हणालो. पण तोवर प्रकाशचा विचार पक्का झाला होता. त्याला ओव्हन नकोच होता, त्याला आई जवळ हवी होती. गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गाडीत घालून भांडुपला न्यायचं, घराला कुलूप लावायचं. ओव्हन बंद पडला हे त्याला कारण मिळालं होतं. मी त्याला दोष देत नाही. आंधळी आई डोंगरातल्या घरात एकटी असताना कुठल्या मुलाला तिकडे झोप लागेल?

आणि काकींनी ती भांडुपची खोली पाहिलेली होती. डोळे गेल्यानंतरचं एक वर्ष त्यांनी तिथे काढलं होतं. सुनेने काही कमी केलं नाही. सोफ्यावर बसवायची, हातात ताट द्यायची, ताट घ्यायची. "माला बसवून ठेवलंनी," एवढंच काकी त्या वर्षाबद्दल सांगायच्या. उमरठच्या घरात त्यांना प्रत्येक खांब पाठ होता. परड्यात जायच्या, कोंबड्या कोंडायच्या, शेजारणीशी भांडायच्या. घरात राहायचं तर स्वतःचं पोट स्वतः भरता आलं पाहिजे, आणि ते सगळं त्या जुन्या पेटीवर येऊन थांबलं होतं.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. शेजारणीने लावून काकींच्या हातात दिला होता.

"मिस्त्री, तुमी काय केलांत वो?"

"काकी, मोटर बदलली. ताटली फिरत नव्हती ना."

"ताटली फिरं नायतर मरं. फिरून काय दूध तापतंय?"

"मग झालं काय?"

"किती येळा सांगू? घुमत नाय! आमचा भगत आंगात आल्यावर घुमतो कसा, तसा ह्यो घुमायचा. ऊंऽऽऽ करून. ते घुमणं गेलं. नुसतं वारं घालतोय."

पारवा घुमतो, ढोल घुमतो, भगत घुमतो. माझी आई जन्मभर हा शब्द ह्याच अर्थाने बोलत आली आणि मी कुर्ल्यात जाऊन तो हरवून बसलो होतो. काकी पहिल्या दिवसापासून अगदी अचूक तक्रार करत होत्या. घुमतो तो ट्रान्सफॉर्मर. त्याच्यावर वीज गेली की तो ऊंऽऽ करतो आणि तो घुमल्याशिवाय अन्न तापत नाही. पहिला संसार चालू आणि दुसरा बंद, हे ती बाई मराठीत सांगत होती आणि आम्ही दोघे शहाणे ते हिंदीत ऐकत होतो. मला इतकं हसू आलं की समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं.

"काकी, उद्या सकाळी येतो. निघू नका."

"लौकर ये बाबा," त्या म्हणाल्या, एकदम तुमीवरून तूवर येत. "परकाशनी पिशवी भरून गाडीत नेऊन ठेवलीन हाय माझी."

सकाळी स्कूटरला पिशवी अडकवली. तीत मायक्रोस्विच, टायमर, डायोड, हूक, स्प्रिंगा, हाताला लागेल ते भरलं. पोलादपूरहून आत वळलो. पाऊस थांबलेला, भात पोटऱ्यात आलेलं, रस्ताभर विसर्जनाचा गुलाल. मनात एक कोडं होतं. माझ्या दुकानात त्याच ओव्हनने पाणी तापवलं होतं, म्हणजे तिथे तो घुमला होता. दुकानात घुमतो आणि घरी घुमत नाही, हे काय?

वाडीत पोचलो तेव्हा प्रकाश गाडीचं बॉनेट उघडून पाणी बघत होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. "काका, कशाला त्रास घेतलात? आम्ही निघतोच आहोत." मी म्हटलं, "निघा की. मी मशीन बघायला आलोय."

आत गेलो. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्या वडिलांना ह्या भागातल्या अशा घरांत ओटीच्या वर कुणी घेतलं नसतं. मी सरळ चुलीपर्यंत जातो, कारण ओव्हन तिथे असतो. ह्या धंद्याने मला पैसा बेताचाच दिला, पण खालापूरपासून कशेडीपर्यंत लोकांच्या स्वयंपाकघरांत ताठ मानेने नेलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

मी ओव्हन जोडला. पाणी ठेवलं, दार तळव्याने ठप्पकन लावलं, बटण फिरवलं. ऊंऽऽऽ. व्यवस्थित घुमला. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या. "हां! ह्योच! ह्योच तो!"

"बघा," प्रकाश दारातून म्हणाला, "चालतोय. म्हणजे आईलाच..."

"थांब," मी म्हटलं. "काकी, आता तुम्ही ठेवा. रोज ठेवता तसं. मी बघतो."

काकींनी दार उघडलं. उघडलेल्या दारावर डावा हात कोपरापर्यंत टेकवला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकून आत वाकल्या. उजव्या हाताने ताटलीचा मध्य चाचपला, दुधाची काचेची वाटी बरोबर तिथे ठेवली. मग हात काढला आणि दार दोन बोटांनी हळूच लोटलं, जसं निजलेल्या माणसाच्या खोलीचं लोटतात. खट्ट झालं. बटण फिरवलं. दिवा लागला. ताटली फिरली. पंखा चालू झाला.

घुमला नाही.

मी जागच्या जागी टाळी वाजवली. प्रकाशला वाटलं, म्हातारा खुळावला. पण माझं कोडं सुटलं होतं. ओव्हनच्या दाराला दोन हूक असतात, वर एक, खाली एक. दार लागलं की ते आतल्या स्विचांना दाबतात. सगळे स्विच दाबले गेल्याशिवाय दुसऱ्या संसाराला वीज मिळत नाही. काकींच्या हाताच्या भाराने दार इतक्या वर्षांत केसभर खाली उतरलं होतं, खालचा हूक झिजला होता आणि स्विच पुरता दाबला जात नव्हता. मी दार मेकॅनिकच्या हाताने आपटत होतो म्हणून तो दाबला जायचा. काकी आंधळ्या माणसाच्या हाताने लावत होत्या, सांडू नये म्हणून हळू.

प्रकाशला मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग आई, तू दार जोरात लाव, झालं." काकींनी जोरात लावलं, वाटी हिंदकळली, अर्धं दूध ताटलीवर.

"मग तो स्विच डायरेक्ट करून टाका ना," प्रकाश म्हणाला. "आमच्याकडचा माणूस दोन मिनिटांत करतो."

आता मात्र माझं डोकं फिरलं. डायरेक्ट करणं म्हणजे तार जोडून स्विच कायमचा दाबलेला ठेवणं. माझ्या धंद्यातली सगळ्यात घाण गोष्ट ही. मग दार उघडं असतानाही मशीन चालू राहू शकतं, आणि त्या लहरी माणसाला वाटीतल्या दुधासारखं आतून तापवतात. कातडीला कळायच्या आत नुकसान होतं, डोळ्यांना तर सगळ्यात आधी. मी प्रकाशवर ओरडलोच. "तुझ्या आईला दिवा लागलाय की नाही ते दिसत नाही. ती टिंग व्हायच्या आधी दार उघडेल. तिचे हात शिजवायचे आहेत का तुला?"

मग काकी म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांचं काय, ते गेलंच. पन नातीचे हायत ना रे. डायरेक बियरेक काय नको."

मी बाहेरचा पत्रा काढला, आधी कपॅसिटर रिकामा केला, मग दार उतरवलं. खालचा स्विच काढून पाहिला. अर्धवट दाबला जाऊन जाऊन त्याची टोकं काळी पडलेली. तो बदलला. झिजलेल्या हुकाच्या जागी पिशवीतला एक हूक निघाला, भंगारातल्या दुसऱ्याच कंपनीच्या दाराचा. लोक कंपनीच्या नावावर भांडतात, आतली हाडं बरीचशी सारखीच असतात. थोडा जाड होता, तो कानशीने घासून बसवला. बिजागरीखाली पातळ वॉशर सारला, दार वर आलं. सगळीकडून कागदाची पट्टी दारात धरून ओढून पाहिली, कुठे सैल नाही. लहरी बाहेर गळतात का ते दाखवणारा मीटर दाराच्या कडेकडेने फिरवला. काटा हलला नाही.

"काकी, आता दारावर भार टाकायचा नाही. नाहीतर पुन्हा उतरेल."

"मंग मी हात कुठं ठेवू?" त्या म्हणाल्या. "धरायला कायतरी पायजे ना."

मी दुरुस्त करतो ती यंत्रं, माणसाचा तोल माझ्या पिशवीत नव्हता. तेवढ्यात प्रकाश माळ्यावर चढला आणि वडिलांच्या हत्यारांची पेटी घेऊन खाली आला. तीत जुन्या कपाटाचं पितळी हँडल होतं. ओव्हनच्या डाव्या बाजूच्या भिंतीजवळ उभा राहून तो म्हणाला, "आई, इकडे ये. हात कर. इथे?"

"वाईच खाली."

"इथे?"

"हां. नाय, थोडा फुडं. हां, बस."

त्याने तिथे भोकं पाडली, लाकडी गुट्ट्या ठोकल्या, हँडल बसवलं आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो हसत होता. त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला.

"बसा सगळी," काकी म्हणाल्या. "च्या करते."

प्रकाश मदतीला पुढे झाला. त्याच्या बायकोने त्याचा शर्ट मागून धरला. काकींनी डावा हात हँडलला लावला. उजव्या हाताने दार उघडलं, ताटलीचा मध्य चाचपला, पाण्याचं काचेचं भांडं ठेवलं. दार दोन बोटांनी लोटलं. खट्ट. बोट टिपक्यांवरून सरकलं, बटण फिरलं.

ऊंऽऽऽऽ.

इतक्या वर्षांत हजार ट्रान्सफॉर्मर ऐकले असतील, पण त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. काकी कान देऊन उभ्या होत्या, मान हलवत होत्या. टिंग झालं. पावडर, साखर, दूध, सगळे डबे त्यांनी बोटांनी ओळखले, चार कप भरले, एकही थेंब सांडला नाही. पहिला कप मला दिला. प्रकाश आईला एकटक बघत होता. मला वाटतं, ह्या घरात आल्यापासून तो आईला सारखा काहीतरी करून देत होता, तिला काही करताना त्याने पाहिलंच नव्हतं.

चहा झकास होता. प्रकाशने कप खाली ठेवला, डोळे पुसले, बाहेर गेला. गाडीची डिकी उघडल्याचा आवाज आला. तो आईची पिशवी घेऊन आत आला आणि ती खुंटीला अडकवली.

"आई, रोज रात्री फोन करायचा," तो म्हणाला. "आणि बंद पडला तर काकांना आधी, मला नंतर."

काकींनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "रडतोस कशाला रं खुळ्या," म्हणाल्या आणि स्वतःच रडायला लागल्या.

तो नवा काळा ओव्हन घरात नुसता पडून राहिला असता. प्रकाशने तो भांडुपला न्यायचा ठरवलं. डिकीत नारळ, तांदूळ, काकड्या ठासून भरलेल्या, तिथे जागा नव्हती. मग त्याने तो मागच्या सीटवर ठेवला आणि हलू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावला. मी ओटीवर काकींच्या शेजारी उभा होतो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी त्यांनी विचारलं, "गेली?"

"गेली, काकी."

"माझ्या जागेवर कोन बसलंय?"

"नवा ओव्हन. पट्टा बांधून ऐटीत बसलाय."

काकी एवढ्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. हसता हसता पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. त्याला करमंल तिथं, नुसतं बसून रायला."